हिरवी कड

तिने खोलीतला दिवा मालवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावला. पहिली काच धाकट्या भावाच्या रक्ताची. पेशी होत्या, पण एकीलाही उजेडाची कड नव्हती. नुसता काळोख. तिने कधीपासून कोंडलेला श्वास सोडला, आणि सवयीने दुसरी काच सरकवली. ही निरोगी माणसाची, तुलनेसाठी ठेवलेली.

काळोखात हिरवं कंकण उमटलं. मग चार. मग जिकडेतिकडे कंकणंच कंकणं, आत मनगट नसलेली.

पेशीचं आवरण म्हणजे मेदाचं दुहेरी अस्तर. त्यातला एक मेद असा, की जिवंत पेशी तो आतल्याच बाजूला राखते, घरातलं दुखणं ओसरीवर येऊ न देणाऱ्या सासुरवाशिणीसारखी. पेशीचं मरण ठरलं की तो उलटून बाहेर येतो. आणि तिच्या बाटलीतलं प्रथिन नेमकं त्या मेदालाच जाऊन बिलगतं. बरोबर आणलेला हिरवा रंग तिथे उजळतो. आईच्या रक्तात ही कंकणं आई हिंडतीफिरती असताना दिसली होती. पुढे दोन वर्षंही काढली नाहीत तिने. तेच दुखणं धाकट्याच्या वाट्याला आलंय का, एवढंच आज पाहायचं होतं.

"मावशी, नळ्यांवर चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी बाहेर बेसिनपाशी काचा धूत होत्या. तुलनेसाठी रक्त नेहमी त्यांचंच. माझी शीर आज्ञाधारक आहे, म्हणायच्या, नवऱ्यापेक्षा जास्त.

"मीच. बर्फात भिजून सुटल्या होत्या, परत चिकटवल्या. का गं?"

"तुमच्या काचेत हिरवं दिसतंय."

"अगंबाई! मेलेच की मी. उद्याची रजा मांडून ठेव."

ती हसली नाही. तिने दोन्ही नळ्यांतला थेंब थेंब घेऊन रक्तगट तपासला. धाकट्याचा ओ, मावशींचा बी. मावशींच्या चिठ्ठीखाली ओ निघाला.

म्हणजे ती कंकणं धाकट्याची होती.

ती स्टुलावर बसली ते बसलीच. मावशींनी नळ बंद केला, हात पुसत आल्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नळ्यांकडे पाहिलं, निकालाच्या वहीकडे पाहिलं.

"लिहिलंस का?"

"काय लिहू?"

"चिठ्ठीवर आहे तेच. हिरवं माझ्या नावावर लिही."

"मावशी, गट तपासला मी. अदलाबदल झालीये."

"झाली तर झाली. मी एकटं माणूस. मागे ना पोर ना टोर. घरी गेलं की कुलूपच विचारतं, आलात का."

"असं लिहून काय होणार आहे?"

"काही होणार नसेल, तर लिहायला तुझं काय जातंय?"

उद्या पुन्हा रक्त घ्यायचंच आहे, तिने मनाशी म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न. तिने लिहिलं. मावशींनी वाकून अक्षर न् अक्षर वाचलं, आपल्या नावावर बोट टेकलं, आणि पुन्हा काचांकडे वळल्या. पाण्याच्या धारेतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं.

*आली पीडा दारी, तिला आत नका घेऊ,*
*घर माझं मोकळं, तिला तिथं पाट देऊ.*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला, बाही वर करूनच.

"कालचं सांडलंस ना, ताई? लहानपणी दूधही अस्संच सांडायचीस. आणि नाव माझं घ्यायचीस."

"गप बस. मूठ आवळ."

त्याच्यानंतर मावशी. दोघांच्या नळ्यांवर तिने हिरकणीच्या लेखणीने स्वतः नावं कोरली. मावशींना काही उचलू दिलं नाही, बर्फाच्या भांड्याजवळ फिरकू दिलं नाही. गट आधी तपासले: ओ तिथे ओ, बी तिथे बी. प्रथिन टाकलं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबली, आणि दिवा मालवला.

धाकट्याची काच काळी होती. तिने ती कडेपासून कडेपर्यंत फिरवली, परत फिरवली. अमावास्येच्या आभाळासारखी काळी.

मग दुसरी.

कंकणं कालच्यापेक्षा दाट होती. गर्दी करून, एकमेकांना खेटून, कुणाला जागा मिळाल्यासारखी.

तिने कोरलेलं नाव बोटाने चाचपलं. गटाची काच पुन्हा पाहिली. बाटलीवरची तारीख पाहिली. चुकायला कुठे जागाच उरली नव्हती. आणि तरी छातीत काहीतरी हलकं हलकं होत होतं, ते तिला थांबवता येईना. त्याचीच तिला भीती वाटली.

दारावर टकटक झाली. मावशींनी फटीतून डोकं आत घातलं.

"धाकटा?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"बघ. उगाच रडवेली झाली होतीस."

स्वतःचं त्यांनी विचारलं नाही. आत आल्या, तिच्यासमोरच्या स्टुलावर टेकल्या. जिना चढून आल्यासारख्या किंचित धापत होत्या. पण खोल्या सगळ्या एकाच मजल्यावर होत्या.

दोन निकाल जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा रक्त घ्यायचं. नव्या आलेल्यांना हे तीच शिकवायची. मावशींना ते तोंडपाठ होतं. त्यांनी बाहीचं बटण काढलं, हात टेबलावर पसरला. कोपराच्या खळगीत कालची आणि आजची, सुईची दोन टिंबं शेजारी शेजारी होती.

"घे. आणि त्यालाही बोलाव परत. फार लांब गेला नसेल."

तिने सुई उचलली. बाहेर, खाली रस्त्यावर, धाकटा कुणाला तरी हाक मारून मोठ्याने हसत होता. ते हसणं कोपऱ्यापर्यंत गेलं, आणि वळलं.

तिने सुई खाली ठेवली.

"नको, मावशी," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नको. वहीत दोन्ही निकाल जुळतात."

मावशींनी मान हलवली, पोरीने धडा बरोबर म्हणून दाखवल्यावर हलवावी तशी. तिने त्यांची बाही खाली ओढली, आणि बटण आपल्या हाताने लावलं.