दोदोनाहून आणलेला निरोप

"फेदिमोस, तोंड हलतंय, पण आवाज कुठाय?" तालीम मास्तरांनी बासरी थांबवली. "परत म्हणा. 'राजा, देवानं सांगितलं एवढंच. पावलं तुझी होती.'"

नाटकाच्या गायकवृंदातल्या बाकीच्या चौदा जणांनी ओळ उचलली.

"भाकीत चुकत नाही ना?" फेदिमोस मध्येच म्हणाला. "मग राजाचा दोष कसा?"

"तू दिवे घडव बाबा," शेजारचा चांभार हसला. "दोष कुणाचा ते कवी बघेल."

अथेन्सच्या कुंभारवाड्यात फेदिमोस मातीचे दिवे करी. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा सिमिलोस गलबतावर जायचं म्हणत होता. फेदिमोसचा भाऊ समुद्रातच गेलेला. म्हणून तो कित्येक दिवस चालून दोदोनाच्या, देवाचा कौल मिळणाऱ्या देवळात गेला आणि शिशाच्या पत्र्यावर प्रश्न कोरून दिला, मुलाला समुद्रावर धाडू का? पुजारीण म्हणाली, "धाड." घरी येऊन त्याने सांगितले, "देव नको म्हणतो." गेल्या हिवाळ्यात दिव्यांसाठी माती काढताना खाण ढासळली. सिमिलोस तिच्याखाली गाडला गेला. "देवानं फसवलं," एवढेच त्याची आई क्लेइतो तेव्हापासून म्हणत आली होती.

तालमीहून तो घरी आला तेव्हा क्लेइतो सातूच्या भाकरी भाजत होती. तो उंबऱ्यातच बसला.

"देव नको म्हणाला नव्हता," तो म्हणाला. "जाऊ दे म्हणाला होता. मी खोटं बोललो."

तिचे हात थांबले.

"पण गेला असता तर बुडाला नसता कशावरून? आणि मी खोटं बोलणार, हे देवाला ठाऊक असणारच. मग त्यानं 'धाड' कशाला सांगितलं? मला काहीच उमगत नाही, क्लेइतो."

उठून तिने मद्याचा बुधला काढला. मुलगा गेल्यापासून तिने देवापुढे थेंबही ओतला नव्हता. आज चुलीपाशी थोडे ओतले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली.

"सिमिलोस काय म्हणाला होता?" तिने पाठमोऱ्यानेच विचारले.

"कधी?"

"तुम्ही देवाचं नाव पुढे केलंत तेव्हा."

त्याने आठवून पाहिले. "'बरं' म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला माती मळायला बसवलं."

एव्हाना चुलीवरची भाकरी करपली होती. क्लेइतोने दुसरी, चांगली भाजलेली त्याच्यापुढे ठेवली. करपलेली आपल्याकडे ओढली आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली.