खताची बेटं

रविवारी संध्याकाळी गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर जमतात. त्या दिवशी मी ओमपुढे शेंगांचा ढीग ठेवला.

"तू पेरू देश. ही तुझी बेटं. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेची."

"गुरुजी, त्याला शोभतं तेच दिलंत," तेजस्विनी म्हणाली. पोरं खिदळली.

मी सांगू लागलो. स्पेनने जवळजवळ तीनशे वर्षं पेरूवर राज्य केलं, चांदी नेली. मग पेरू स्वतंत्र झाला. पुढे युरोपला कळलं, की बेटांवरची ती विष्ठा म्हणजे उत्तम खत, आणि इंग्लंडच्या शेतांना तेच हवं आहे.

पल्लवीला मी इंग्लंड केलं. तिच्याकडे बिस्किटं, पेन्सिली, रुमाल. ओम मूठ मूठ शेंगा देऊन बिस्किटं खाऊ लागला. बाकी काही करायची त्याला गरजच उरली नाही. ढीग दिसतोय तोवर पल्लवी उधारही देत होती. मग ढीग संपला.

"आता?" ओम म्हणाला.

"आता माझी उधारी दे," पल्लवी म्हणाली.

"पेरूचं असंच झालं," मी म्हणालो. "राज्य स्वतःचं, पण विकायला मुख्य माल एकच, आणि त्याच्या जिवावर कर्ज."

तेजस्विनी आता हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, किशोर, एका कंपनीच्या करारावर सही करणार होते. आजोबांनी, धोंडीराम आबांनी, लावलेली सगळी द्राक्षबाग खोडापासून कापायची, त्या खुंटांवर कंपनीच्या वाणाची कलमं बांधायची, आणि माल फक्त त्याच कंपनीला द्यायचा. पिंपळगावच्या आमच्या शिवारात बहुतेकांनी सह्या केल्या होत्या.

सोमवारी किशोरने मला साक्षीदार म्हणून घरी बोलावलं होतं. कंपनीचे साहेब खुर्चीवर बसले होते. तेजस्विनी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"साहेब, तुम्ही माल घेतला नाही, तर दुसऱ्याला विकता येईल?"

"नाही. वाण आमचा आहे."

"मग भाव कोण ठरवणार?"

"तेजे, आत जा," किशोर म्हणाला.

"बोलू दे तिला," आजी सिंधुबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "बागंला पाणी तीबी देते."

साहेब हसले. "पेरूकडे बघा, ताई. वाळवंटात द्राक्षं पिकवून युरोपात विकतात. आपण मागे राहायचं का?"

"पेरू नुसती द्राक्षंच विकतो?"

"छे. ब्लूबेरी, अ‍ॅव्होकाडो, आंबा, बरंच काही."

"कुणा एकालाच?"

"एकाला कशाला? युरोप, अमेरिका, चीन..."

"मग आम्हीच एक वाण एकाला का द्यायचा?"

साहेबांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

"आख्खं शिवार करतंय, पोरी," किशोर म्हणाला. "आपणच तेवढे शहाणे का?"

"आख्ख्या शिवारानं डाळिंबबी लावलं व्हतं," सिंधुबाई म्हणाल्या. "तेल्या रोग आला तवा कुणाकडं मागायला जावं, हे कळंना. सगळ्यांचीच गेली व्हती."

किशोरने दारातून बागेकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तेजस्विनीकडे बोट दाखवलं. बोलणारी बोलली होती.

"अर्धी," तो शेवटी म्हणाला. "अर्धी तुमची, अर्धी आमच्या आबांची."

"कागदावर पूर्ण बाग आहे."

"मग कागद बदलून आणा." तो मुलीकडे वळला. "आन् तू. जुन्या अर्ध्याला गिऱ्हाईक शोधायला लय फिरावं लागंल."

"मी येते तुमच्याबरोबर."

"शाळा?"

"शाळा सुटल्यावर. आणि शाळा सोडणार नाही, ते आधीच सांगते."

कागद बदलून आला. पुढच्या रविवारी तेजस्विनी उशिरा आली. बाग कापायला माणसं लागली होती, आणि अर्ध्यावर हद्दीची खूण म्हणून बांधलेल्या लाल चिंधीपाशी ती सकाळपासून उभी होती.

"चिंधी दिसत नव्हती का त्यांना?" मी विचारलं.

"दिसत होती. पण कुऱ्हाड चालायला लागली की थांबत नाही, गुरुजी. मधे उभं राहावं लागतं."

तिने ओमपुढचा शेंगांचा ढीग स्वतःकडे ओढला.

"आज मी पेरू," ती म्हणाली, आणि पल्लवीने बिस्किट पुढे करायच्या आत तिने मूठभर शेंगा बियाण्यासाठी ओढणीच्या टोकात बांधल्या.