डावा हात

राखी भाताच्या पऱ्ह्यांची जुडी उजव्या हातात धरते आणि डाव्या अंगठ्याने रोप चिखलात दाबते. रोवणीच्या ओळीत तिच्या शेजारची बाई कुरकुरते, कारण कोपरं एकमेकींना लागतात. फक्त आईची, शकुंतलाबाईंची, लागत नाहीत. त्याही डाव्यानेच रोवतात.

दोघी धानाच्या बांधीतून घरी परतल्या, तर मेघा ओसरीत बसलेली. रक्तातून काय येतं आणि घरातून काय, हे दत्तक आणि पोटच्या मुलांची तुलना करून शोधणाऱ्या नागपूरच्या संशोधक गटातली ती. करडी गावातलं हे घर तिने पोटच्या मुलांच्या बाजूला धरलं होतं. मागच्या खेपेला राखीच्या बाबांनी, तुलारामांनी, तसंच सांगितलं होतं आणि शकुंतलाबाई गप्प राहिल्या होत्या.

चिखला गावच्या खाणीवरची नोकरी सोडून नवरा-बायको करडीला परतले, तेव्हा राखी कडेवर होती. ती संस्थेतून आणलेली, हे गावाला कळलंच नाही. तिला दहावीनंतर सांगायचं ठरलं, मग बारावीनंतर. आता ती बीएस्सीला होती.

घरात आणखी कोण डावखुरं, मेघाने विचारलं.

“माय,” राखी हसली. “तिच्याच रक्तातून आला मले हा हात. बाबाचं काहीच नाही आलं माह्यात.”

शकुंतलाबाईंनी उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. राखी लहान असताना गुरांचं कुटार कापण्याच्या यंत्रात त्याची शीर तुटली, तेव्हापासून तो वाकत नाही. त्याआधी त्या उजव्यानेच रोवत. मग पोरीने हा हात पाहून उचलला, की तिला जन्म देणाऱ्या त्या कुठल्याशा बाईचाही डावाच होता? आणि रागावली की भिंतीकडे तोंड करून बसते, ते कोणाचं? इतकी वर्षं मनातल्या मनात त्या वाटण्या करत आल्या होत्या, हे आपलं, ते तिचं. एकही वाटणी टिकत नव्हती.

राखी तान्ही असताना कोणती मूठ चोखायची, मेघाने विचारलं.

“डावी,” तुलाराम घाईने म्हणाले.

“काहून चूप बसली वो माय? सांग ना,” राखी म्हणाली.

शकुंतलाबाईंनी हातावरचा वाळलेला चिखल खरवडला.

“मले नाही माहीत. तू आमच्या घरी आली तेव्हा वर्षाची होती, राखी. मी तुले जन्म नाही दिला.”