बोंबलाला अठ्ठ्याण्णव

लालबागच्या चाळीपुढच्या मांडवात नुसती झुंबड उडाली होती. श्वासानंद महाराज भक्ताचं बोट आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर टेकवत, मंत्र पुटपुटत, आणि पडद्यावर हिरवा आकडा झळके. अठ्ठ्याण्णव! "बघा, ब्रह्मांडातला ऑक्सिजन थेट डाउनलोड!" असं ते म्हणाले की टाळ्यांचा कडकडाट.

स्टेजवर हार घालून मुख्य साक्षीदार बसला होता रमाकांत. ते बघून त्याच्या शेजारच्या खोलीतल्या गणपतचा तिळपापड होत होता. गिरणीची धूळ आणि विडी, दोघांचीही फुप्फुसं त्यातच कामातून गेलेली. दोघंही रोज बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचे आणि किती दम लागला ते दवाखान्याच्या ॲपवर भरायचे. गणपतचा आकडा नव्वदीपुढे हलेना, आणि हा रम्या अठ्ठ्याण्णव! वर पेढेही ह्यालाच!

"जळत काय बसलात? तुम्ही पण नंबर लावा," गणपतची बायको कमल म्हणाली. ती बाजारातून थेट तिथेच आली होती.

गणपतचेही अठ्ठ्याण्णव आले. टाळ्या पडल्या, पण गणपत खवळला. "रम्याएवढेच? अहो, जिना मी त्याच्याआधी चढतो! परत मोजा."

परत अठ्ठ्याण्णव. डाव्या हाताचं बोट, तरी अठ्ठ्याण्णव. रागाच्या भरात त्यानं कमलच्या पिशवीतला सुका बोंबील उपसला आणि कॅमेऱ्यावर दाबला.

अठ्ठ्याण्णव!

"काय हो महाराज, ह्यो बोंबील श्वास कधीपासून घ्यायला लागला?" कमलनं विचारलं.

"मत्स्यावतार आहे तो!" महाराज बरळले. मांडवात हशा पिकला.

रमाकांत मात्र हसत नव्हता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"रम्या, तुझा औषधाचा पंप कुठाय?" गणपत ओरडला.

रमाकांतला बोलायलाही दम नव्हता. त्यानं महाराजांच्या 'औषधत्याग पेटी'कडे बोट दाखवलं. गणपतनं पेटी उलटी केली, त्याचा पंप शोधून तोंडाशी धरला आणि त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं.

"महाराजांच्या ॲपमध्ये मोजमाप नव्हतंच," डॉ. संघमित्रा म्हणाल्या. "काहीही ठेवा, ठरलेला आकडा येणार. चिमट्याचा उजेड बोटातल्या रक्तातून जातो, तेव्हा कुठे ऑक्सिजन कळतो. आकडा दाखवणाऱ्याला आधी विचारा, हे मोजलंत कशानं? आणि आकडा कितीही चांगला असो, दम लागला तर इथे या. औषध मात्र सोडू नका."

रमाकांत बरा होऊन घरी आला. गॅलरीत दोघं पुन्हा चिमटा लावून दवाखान्याचं ॲप भरायला बसले. गणपतनं हळूच शेजारी डोकावलं. रमाकांत त्र्याण्णव, आपण नव्वद!

"जळलं मेलं माझं नशीब!"

"जळ खुशाल," रमाकांत म्हणाला. "पण हा मोजलेला आहे रे. हवं तर बोंबील लावून बघ."