ड्रायव्हरशेजारची जागा

मित्रांनो, मी मालट्रकमधली, ड्रायव्हरच्या शेजारची जुनी सीट आहे. माझं रेक्झिन तीन ठिकाणी उसवलं आहे आणि एक स्प्रिंग अधूनमधून वर डोकावते, पण म्हणून मला कमी लेखू नका. मोटारींतल्या गुबगुबीत सीटांनी पाहिलं नसेल एवढं जग मी बसल्या जागी पाहिलं आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने काथ्या ठासून मला भरलं आणि दाभणाने शिवलं. त्यानंतर वाटेत हात दाखवून चढणारे नाना तऱ्हेचे लोक माझ्यावर बसले आणि त्यांच्या चुका बघून मी शहाणी झाले. ट्रकला चढावर हात दाखवू नये. भरलेली गाडी चढावर थांबली, तर पुन्हा उचलताना तिच्या नाकी नऊ येतात. आधी कुठे जायचं ते सांगावं, मगच पाय वर ठेवावा. दार आदळू नये, ड्रायव्हरला ते फार लागतं. आणि लांबच्या पल्ल्यात त्याच्याशी बोलत राहावं.

एका दुपारी एका बाईने नेमका चढावरच हात केला. आमचा ड्रायव्हर थांबला तो थेट माथ्यावर. ती धापा टाकत वर आली. ती सुईण होती. जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, आणि आता स्वतःच्या लेकीला दूरच्या शहरात कळा सुरू झाल्या होत्या, तर हिची बस चुकली होती. लेकीचा हात धरायला वेळेत पोचायचं, एवढाच तिला ध्यास होता.

सुईण बोलण्यात पटाईत होती. ड्रायव्हर पोट धरून हसला. पण जेवणानंतर त्याचे हुंकार मंदावले, मान कलली आणि गाडी रस्त्याच्या कडेला सरकली. मी घाबरले. वाटलं, हिला घाई आहे, ही काही थांबायला सांगायची नाही.

"गाडी बाजूला घे, बाबा," ती म्हणाली. "वीस मिनिटं झोप. मी उठवते."

"मावशी, तुम्हाला उशीर होईल."

"होऊ दे."

तो झोपला. ती घड्याळाकडे बघत माझी कड मुठीत आवळून बसली. वीस मिनिटं होताच तिने त्याला हलवून उठवलं.

दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा जावई धावत आला. मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. बाळ जन्मून दहाच मिनिटं झाली होती. ड्रायव्हरने मान खाली घातली.

"तोंड का पाडतोस?" उतरता उतरता सुईण म्हणाली. "लेकीपाशी चार माणसं होती. तुझ्यापाशी मी एकटीच होते."

मित्रांनो, अशी बाई माझ्यावर बसून गेली, याचा मला फार अभिमान वाटतो. मोठेपणी तुम्हीही कधी अशा जागेवर बसाल. शेजारच्याचा डोळा लागतोय असं दिसलं, तर कितीही घाई असो, त्याला गाडी थांबवायला सांगा.