नऊ हात का आखडले

परीक्षक क्रमांक दोन यांना नमस्कार.

तुमचं नाव-गाव मला ठाऊक नाही. नियमच तसा आहे. माझं तुम्हाला ठाऊक आहे: वर्षाराणी, नांदेड, पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. हा शोधनिबंध छापून आला तर प्रबंध जमा करता येईल, नाहीतर नोंदणी संपेल. सुधारणेला तुम्ही तीस दिवस दिलेत. इंग्रजी उत्तर नंतर लिहीन. आधी घडलं ते आपल्या भाषेत लिहून काढते, म्हणजे त्यातलं किती गाळायचं ते कळेल.

आक्षेप १. यंत्र वीस हातांवर वापरलं. अकरा हात सैल पडले, नऊ उलट आखडले. का?

उत्तर: माहीत नाही. (हे खोडायचं.)

आक्षेप २. यंत्राची हालचाल लातूरच्या एका बांगडीवालीच्या हातांवरून घेतली, असं तुम्हीच लिहिता. मग त्यांचं नाव लेखकांत नसून आभारांत का?

उत्तर: प्लास्टर काढल्यावर पंजा ताठ होतो. आमचं यंत्र हवेच्या तीन उशांनी तो हळूहळू दाबून मोकळा करतं. ही कल्पना प्रयोगशाळेत सुचली नाही. लातूरच्या गोलाई बाजारात बांगड्या भरणाऱ्या जोहराभाभींनी माझ्या आईच्या अडीचच्या मापाच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवली, आई हसत होती, आणि मी बघत होते. पुढे भाभींच्या हातात दाब मोजणारे हातमोजे घातले, गल्ल्याशेजारी कॅमेरा लावला, चाळीस गिऱ्हाइकं टिपली.

माझे मार्गदर्शक हणमंतराव सर म्हणाले, “लेखक म्हणजे ज्यानं अख्खा निबंध वाचून मंजूर केला तो. त्यांना इंग्रजी येतं का?”

“मी मराठीत वाचून दाखवते.”

“अठरा पानं?”

“अठराच तर आहेत.”

“मग आलेखही वाचून दाखव,” सर म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली.

रविवारी पहिली एसटी धरून लातूरला गेले.

(इथे आक्षेप नाही. इथे दुकान आहे.)

भाभी एका बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होत्या. मी प्रस्तावना वाचली. सतरा संदर्भांची नावं आली तशा त्या म्हणाल्या, “ही लोकं कोन?”

“आपल्या आधी ज्यांनी काम केलं ते.”

“बांगड्या भरतेत?”

“नाही.”

“मग काय करून राहिले माझ्या कागदात?”

बांगड्या भरून घेणारी बाई खुदकन हसली. मी पुढे गेले. “पद्धत. पहिला सव्वा सेकंद अंगठ्याचं मूळ आत दाबलं जातं. त्यानंतर मोठा दाब...”

“थांब. त्याच्या आधीचं खाल्लंस.”

“काय खाल्लं?”

“विचारलेलं.”

“कुणी, कुणाला?”

त्या बाईचा पंजा हातात घेऊन भाभी म्हणाल्या, “माहेर कुठलं गं माय तुझं?”

“मुरूड,” बाई म्हणाली. तीन अक्षरं. तेवढ्यात बांगडी मनगटावर.

“बिनाविचारता दाबलं तर हात दगड होतो,” भाभी म्हणाल्या. “तुझ्या मशीनला हे कोन सांगणार?”

“पण भाभी, व्हिडिओत असं काहीच नाही!”

“तूच आवाज बंद केलतीस. म्हणलीस, गोलाईत गोंगाट लई हाय.”

खरं आहे. चाळीस गिऱ्हाइकं, सहा तासांचं चित्रण, एकही शब्द नाही.

आक्षेप १, पुन्हा.

दुकानातूनच धम्मप्रियाला फोन लावला. आमच्या रुग्णांना व्यायाम देणारी ती.

“वीसपैकी तू किती हात केलेस?”

“अकरा.”

“त्यांच्याशी बोलत होतीस?”

“मग काय तोंड शिवून बसू? एकीच्या जावयाची तर मला कुंडली पाठ झालीय.”

“आणि उरलेले नऊ?”

“ते तू केलेस. तुझं तोंड बघून माझाच हात आखडला असता.”

प्रयोग चालू असताना बोललं की निकाल बिघडतो, असं आम्हाला शिकवलंय. मी नऊ वेळा अगदी शास्त्रशुद्ध गप्प बसले होते.

उत्तर: ते नऊ हात माझ्यामुळे आखडले.

यंत्रात भाभींचा आवाज भरला. आधी प्रश्न, मग दाब. नऊ जणांना परत बोलावलं, आठ आले. सहा हात माहेराच्या नावावर सैल पडले. सातव्या बाईंचा जास्तच आवळला. भाभी फोनवर म्हणाल्या, “भावाशी बोलचाल नसंल. नातवाचं विचार.” विचारलं. सुटला. आठवे बिलोलीचे शेतकरी. पुरुषाला काय विचारायचं?

“सोयाबीनचं विचार,” भाभी म्हणाल्या.

विचारलं. हात आणखी आखडला. भाव पडलेत. आठांतले सात, असं लिहिलं आहे, आणि भाभींचं नाव लेखकांत घातलं आहे.

आक्षेप ३. (हा तुमचा नाही, सरांचा.) बोलण्यानं हात सैल पडतो, याला संदर्भ काय?

उत्तर: सात निबंध सापडले. सातही एकमेकांचाच हवाला देतात. शेवटी भाभींनाच विचारलं.

“मुदखेडच्या फुफीनं, म्हंजे माझ्या आत्यानं, शिकवलं मला. तिचं नाव टाक.”

“छापलेलं आहे का कुठं?” सरांचा प्रश्न.

“फुफीचं नाव न्हाई, तर माझं बी नको,” भाभी म्हणाल्या. “मंजूर म्हनून दाबायचं ते बटन मी दाबत न्हाई.”

एकोणतिसावा दिवस. संकेतस्थळावर एका जरी लेखकानं मंजुरीचं बटण दाबायचं राहिलं तर निबंध जात नाही. भाभींचं नाव पुन्हा आभारांत ढकलून मोकळं होता आलं असतं. सर तसं म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर, मीच मनात म्हणाले. मग मुदखेडला फोन लावला. नियमाप्रमाणे तोंडी माहितीचा संदर्भ देता येतो, सांगणाऱ्याची परवानगी हवी.

“लिही की,” रहेमतबी फुफी म्हणाल्या. “पन मी माझ्या सासूकडून शिकले.”

“आणि त्या कुणाकडून?”

“ते विचारायला वर जावं लागंल. जातीस?”

संदर्भ क्रमांक अठरा: रहेमतबी, मुदखेड, दूरध्वनीवरील संभाषण. सरांनी तो दोनदा वाचला आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केला. तिसाव्या दिवशी दुपारी भाभींनी दुकानात बसून बटण दाबलं. त्याआधी पानं अठरा ते एकवीस पुन्हा वाचून घेतली. पानं वाढली होती.

दोन महिन्यांनी, तुमच्याकडून:

स्वीकृत. एक किरकोळ आक्षेप: यंत्र प्रश्न विचारतं. पण रुग्णानं दिलेलं उत्तर ऐकतं कोण?

उत्तर: लेखकांपैकी कुणालाही याचं उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून मी जोहराभाभींना विचारलं.

“ऐकतंय कोन?” त्या म्हणाल्या. “माझं ध्यान बांगडीकडं असतंय. पन मधी मधी ‘मग?’ म्हनावं लागतंय, न्हाईतर मानसाला कळतं.”

आता यंत्रात ‘मग?’ भरला आहे, दर चार सेकंदांनी. काल उमाबाई नावाच्या रुग्ण आल्या. त्यांचा हात पहिल्या मिनिटातच मोकळा झाला. यंत्र बंद करायला गेले तर त्यांनी मला दुसऱ्या हातानं थांबवलं. धाकट्या जावेची गोष्ट अजून अर्धीच झाली होती.