दहा इंची चेहरा

एका गाण्याची रेकॉर्ड सात इंचांची काढावी की बारा, यावर त्या बँडमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी गाणं बसवताना झाली असती, तर गाणं जरा बरं झालं असतं. पण गाणं बसवून झालं होतं. त्याला आता कुणी हात लावणार नव्हतं, गायक तर नाहीच. त्याच्या मते त्यात सुधारायला जागाच नव्हती.

गायकाला सगळे पाठीमागे हुंदका म्हणत. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो असा काही आवाज काढायचा की नवख्या माणसाने धावत जाऊन पाण्याचा ग्लास आणावा. त्याचा मावसभाऊ गिटार वाजवायचा. त्याला होयबा म्हणत, आणि का म्हणत ते त्याने तोंड उघडलं की पहिल्याच शब्दात कळायचं. तिसरा ठोक्या. तो ड्रम वाजवायचा, म्हणजे मागे बसायचा. बँडच्या प्रत्येक फोटोत त्याचं एक कोपर यायचं, आणि चांगला फोटो असेल तर दोन्ही.

बँड एवढाच. गाणंही एकच. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काय टाकायचं यावर अजिबात वाद झाला नाही, कारण टाकायला दुसरं काही नव्हतंच. फोनवर ऐकतात ती नुसती हवा, गाणं हातात धरता आलं पाहिजे, असं हुंदक्याचं मत होतं, आणि त्याचं मत म्हणजे होयबाचंही मत, म्हणजे बहुमत.

गाणं कुणीतरी सोडून गेल्याबद्दल होतं. ती का गेली असावी याचा अंदाज दुसऱ्या कडव्यापर्यंत येतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी शेवटचा हुंदका इतका लांबला की गाणाऱ्याचा दम संपला. तो पाणी प्यायला बाहेर गेला. त्याच्यामागोमाग होयबाही गेला, तहान नसताना. ठोक्याला थांब म्हणायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही, त्यामुळे तो वाजवत राहिला. पाऊण मिनिट, एकटा, मनाला येईल तसं. रेकॉर्डिंग चालूच होतं.

ते पाऊण मिनिट ठोक्याला जिवापाड प्यारं झालं होतं. त्याचं कारण होते बाबा.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बंद दारामागे मोटर कुठे कुरकुरतेय ते त्यांना जिन्यात उभं राहून कळायचं. पण मुलगा कुठे वाजतोय ते कळायचं नाही. हुंदका प्रत्येक वेळी ड्रमचा आवाज इतका खाली नेऊन ठेवायचा की शेजारच्या घरात कुणी वाजवतंय असं वाटावं. ठोक्या घरी काहीही ऐकवायला आणला की बाबा शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, "यात तू कुठे आहेस?" त्यात टोमणा नसायचा. एखाद्या इमारतीचा फोटो दाखवल्यावर आपली खिडकी कुठली असं विचारावं, तसं ते विचारायचे. "मागे आहे," ठोक्या म्हणायचा. बाबा पुन्हा कान देऊन ऐकायचे. मग म्हणायचे, "असशील."

तर या वेळी त्याला एकदा तरी असायचं होतं.

बैठक होयबाच्या घरी भरली, त्याच्या आईच्या शिवणकामाच्या खोलीत. मशीन चालू होतं, चिंध्यांचा ढीग होता आणि हुंदका त्या ढिगावर सिंहासनासारखा बसला होता. एका गाण्याची रेकॉर्ड, म्हणजे सिंगल, सातच इंचांची, बाकी सगळी थेरं, असं त्याने सांगून टाकलं. होयबा हो म्हणाला. अडचण एवढीच होती की सात इंचांवर साडेचार-पाच मिनिटांच्या पुढे गाणं मावत नाही. कोंबलं तर रेकॉर्डवरच्या रेघा दाटीवाटीने बसतात आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. गाणं पावणेसहा मिनिटांचं होतं.

"शेवटचं ते काढून टाकू," हुंदका म्हणाला. "तिथे तसाही मी नाहीये."

ठोक्याने बारा इंचांची बाजू घेतली. बारा इंचांवर रेघेला ऐसपैस जागा मिळते, आवाज भरदार येतो, खालचे सूर पोटात जाणवतात, हे सगळं तो घरून पाठ करून आला होता. खालच्या सुरांशी त्याला काडीचं घेणंदेणं नव्हतं. बाबांचं नाव त्याने काढलं नाही. त्या खोलीत कुणाच्या वडिलांचं नाव काढणं म्हणजे हुंदक्याला नव्या कडव्यासाठी विषय देणं.

होयबा बारालाही हो म्हणाला.

आवाजाच्या मुद्द्याने हुंदका हलेना. त्याच्या लेखी आवाज म्हणजे त्याचा आवाज, आणि तो कुठल्याही मापावर उत्तमच येणार होता. तेव्हा ठोक्याने अगदी सहज, भिंतीकडे बघत विचारलं की कव्हरवर तुझाच चेहरा टाकायचाय ना, मग सात इंचांवर तो मावेल का?

हुंदक्याने दोन्ही हातांनी आपला चेहरा चाचपला. मग म्हणाला, चेहरा तर खऱ्या मापाचाच हवा. लहान केलेला चेहरा म्हणजे लहान केलेली वेदना. होयबा यालाही हो म्हणाला, आणि त्याच्या आईने, म्हणजे हुंदक्याच्या मावशीने, मशीन थांबवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण मोजायचं काम निघालं की तिचे हात शिवशिवत. गळ्यातली टेप काढून तिने भाच्याची हनुवटी वर धरली. आजवर छात्या मोजल्या, कंबरा मोजल्या, थोबाड पहिल्यांदाच मोजतेय, असं म्हणत तिने केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंत माप घेतलं.

साडेनऊ इंच. केस दाबून सव्वानऊ.

सातावर हनुवटी उडत होती. बारावर चेहऱ्याभोवती एवढी मोकळी जागा उरत होती की माणूस मैदानात हरवल्यासारखा दिसला असता. आणि इथे होयबाने, दोन्ही बाजूंना हो म्हणून बसल्यामुळे कात्रीत सापडलेल्या होयबाने, आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र वाक्य उच्चारलं. सात आणि बारा यांच्या बरोब्बर मधलं माप साडेनऊ येतं, आणि दहा इंचीसुद्धा रेकॉर्ड असते.

हुंदका उभा राहिला. त्याच्या पाठीला चिंध्या चिकटल्या होत्या. "हा योगायोग नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि पाव इंचाने राष्ट्रपुरुष व्हायचा राहून गेलेल्या माणसासारखा सगळ्यांकडे बघू लागला.

दहावर गाणं सबंध मावत होतं. ठोक्याने ताबडतोब हात वर केला. जगात पहिल्यांदाच एका गाण्याचं माप गाणाऱ्याच्या तोंडावरून ठरलं असेल, पण पाऊण मिनिट वाचत असेल तर तो हुंदक्याच्या बुटाच्या मापालाही तयार होता.

रेकॉर्डचा पहिला साचा कापणाऱ्या बाईंच्या खोलीत एक यंत्र होतं. त्याची सुई लाखेच्या काळ्या तबकडीवर रेघ कोरत जायची, आणि निघणारं केसासारखं सूत एक नळी शोषून घ्यायची. बाई शब्दकोडं सोडवत होत्या. दहा कशाला, असं त्यांनी विचारलं. मधल्या मापात फक्त ठरवता न आलेली माणसं रेकॉर्ड काढतात, असंही त्या म्हणाल्या. हुंदक्याने कव्हरची प्रत पुढे धरली. बाईंनी कव्हर पाहिलं, मग चेहरा पाहिला, मग पुन्हा कोड्यात डोकं घातलं. गाणं एकदा ऐकून झाल्यावर त्यांनी एकच शंका काढली.

"शेवटी कुणीतरी सामान हलवतंय. ते ठेवायचं?"

"ठेवा," ठोक्या म्हणाला. इतक्या घाईने, की बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि सामान ठेवलं. जागा आहेच तर रेघा सैल सोडते, म्हणाल्या. तसं केल्याने पाऊण मिनिटाचा तुकडा अगदी आत, मधल्या कागदी लेबलाजवळ जाऊन बसला.

रेकॉर्ड आली. दुकानात लहानांचं खोकं वेगळं, मोठ्यांचं वेगळं. दुकानदाराने ती मोठ्यांच्या खोक्यात ठेवली तर ती दोन बारा इंचींच्या मध्ये घसरून दिसेनाशी झाली, आणि लहानांच्या खोक्यात ठेवली तर हुंदक्याचं कपाळ आणि डोळे तेवढे वर येऊन गिऱ्हाइकांकडे बघू लागले. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे निघून गेली म्हणे. ठोक्याने एक प्रत काखेत मारली आणि घर गाठलं.

बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरवर सुईची दांडी आपोआप उठायची, आपोआप जाऊन टेकायची आणि संपलं की आपोआप परत यायची. एका बाजूला छोटा खटका होता, त्याला दोनच जागा: लहान, म्हणजे सात इंची, आणि मोठी, म्हणजे बारा. खटका ज्या मापावर, तिथे दांडी उतरणार. दांडीला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. यंत्र आहे ना, मग हात कशाला, हा बाबांचा कायदा होता. लिफ्ट दोराने ओढणारी माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

या यंत्रासमोर ठोक्या लहानाचा मोठा झाला होता. तो खटका त्याने हजारदा सरकवला होता. दहा इंचांना हात वर करताना त्याला तो एकदाही आठवला नव्हता.

बाबांनी खटका 'मोठी'वर ठेवला. दांडी उठली, ऐटीत गेली, आणि रेकॉर्डच्या बाहेर, खालच्या रबरावर उतरली. खर्र, खर्र, असा आवाज सुरू झाला. बाबा मान कलती करून मन लावून ऐकत राहिले.

"सुरुवात संथ आहे," ते म्हणाले.

 ठोक्याने सांगितलं की हे गाणं नाही, हे रबर आहे. बाबांनी मग खटका 'लहान'वर नेला. दांडी पुन्हा उठली, या वेळी बरीच आत गेली, हुंदक्याची पाच मिनिटं ओलांडून, आणि टेकली. दारात बोट चेमटल्यासारखा अर्धा हुंदका ऐकू आला. आणि लगेच ड्रम.

नुसते ड्रम. पुढे कुणी नाही, वर कुणी नाही. ठोक्या दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पाऊण मिनिटाने दांडी उठली आणि शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसली.

"हा तू," बाबा म्हणाले.

"हो."

"सगळा तूच."

"हो."

बाबांनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "नुसत्या मोटरचा आवाज ऐकून लिफ्ट वर चाललीय का खाली ते कळत नाही रे. कशावरून एवढी आदळआपट?"

ठोक्याने सांगितलं की आधी एक गाणं आहे, पण या यंत्राला ते सापडणार नाही. दांडी हाताने ठेवावी लागेल.  तिथूनच मागच्या खोलीत निघून जावं, असं त्याच्या मनात आलं.

 बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, जिभेचं टोक ओठात धरलं आणि त्या घरात पहिल्यांदाच दांडी दोन बोटांत उचलून रेकॉर्डच्या काठावर ठेवली.

हुंदका सुरू झाला. पहिल्या कडव्याला बाबांनी कव्हर हातात घेतलं आणि त्या पूर्ण मापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्याला ते पालथं ठेवलं. तिसऱ्यात त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा, काळजीने, मुलाकडे पाहिलं. शेवटचा हुंदका लांबत लांबत गेला, आणखी लांबला, आणि तुटला. ड्रम सुरू झाले. बाबांचा पाय, कुठल्याच गाण्यावर कधी न हललेला पाय, सतरंजीवर हळूहळू हलायला लागला.

दांडी परत गेल्यावर ते बोलले. "पाच मिनिटं हा माणूस गळा काढतोय. आणि तू मागे बसून निमूट ऐकून घेतोयस." त्यांनी बाह्या खाली केल्या. "मग आपटशील नाहीतर काय करशील. बरोबर आहे तुझं."

ठोक्याने विचारलं, परत लावू का, पहिल्यापासून?

"नको," बाबा म्हणाले. "त्याचं कळलं." आणि त्यांनी खटका 'लहान'वरच ठेवून प्लेअर पुन्हा चालू केला.